मेव्हिसचा वाफा

आधीच सांगून टाकते, कांद्याला राख घालतात. आमच्या बागांमध्ये सगळेच घालतात. हिवाळाभर शेगडीतली लाकडाची राख झाकणाच्या डब्यात कोरडी ठेवायची, कारण भिजली की तिच्यातला कस जातो, आणि मार्चमध्ये ती वाफ्यात मिसळून वर छोटे कांदे टोचायचे. माझे वडील तेच करत. खाणीतून निवृत्त झालेले सगळे म्हातारे तेच करत. तेव्हा मी काही जगावेगळं केलं नाही. एवढं ऐकून घ्या आणि मग मला काय बोलायचं ते बोला.

आमच्या बागा म्हणजे कौन्सिलने भाजीपाल्यासाठी भाड्याने दिलेले जमिनीचे तुकडे. कड्डी रॉबसनचा तुकडा अकरा नंबर, माझा बारा. मध्ये फूटभर पायवाट. कौन्सिलच्या कागदावर तुकडा कड्डीचा, पण राज्य त्याच्या बायकोचं, मेव्हिसचं. तीस वर्षं ती आणि मी त्या पायवाटेच्या दोन बाजूंना गुडघे टेकून भांडलो. मी सगळंच खोल पुरते अशी तिची तक्रार. "ऑड्री, गळा नको दाबू बिचाऱ्यांचा. माना बाहेर राहू देत." मी म्हणायचे, तू तुझ्या वाफ्यात बघ. मग पाऊस आला की दोघी तिच्या शेडमध्ये चहा प्यायला. तिची छाती लहानपणापासून अधू, ओल जरासुद्धा सोसायची नाही. म्हणून कड्डीने शेडमध्ये छोटी लोखंडी शेगडी बसवून दिली होती आणि शेगडीला चिकटून तिची खुर्ची. जानेवारीच्या शेवटी तिला न्यूमोनिया झाला. आठ दिवसांत संपलं.

मला दुसरी मैत्रीण नाही. होती असं कुणी म्हणालं तर खोटं बोलतंय.

महिन्याभराने कड्डीच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख आली. दोन वर्षं वाट बघितली होती त्याने, आता नाही म्हटलं तर पुन्हा रांगेच्या शेपटाला. जायच्या आदल्या दिवशी तो माझ्या दारात आला आणि शेडची किल्ली पुढे केली.

"एप्रिलमध्ये बागांची कमिटी फिरणार," तो म्हणाला. "रान माजलेलं दिसलं की नोटीस, आणि नोटिशीनंतर तुकडा गेलाच. साठ माणसं यादीत बसलीत टपून."

"मी आहे ना. बघते."

"बटाटे राहिले तरी चालतील. तिचे कांदे तेवढे लाव. राख शेडमध्ये आहे, घाल आठवणीने."

"सत्तर वर्षांची झाले मी, कड्डी. मला कांदे लावायला शिकवतोस?"

"खोल लावतेस तू. मेव्हिस म्हणायची."

दोघंही हसलो. मग त्याच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं आणि डोळे भरले, तेव्हा मी त्याला घालवून दिलं. पुरुष माणूस दारात रडायला लागला की मला काय करावं ते सुचत नाही.

त्या वर्षी वसंत म्हणून जे काही आलं तो नुसता पाऊस होता. फेब्रुवारीत लागला तो थांबायचं नाव घेईना. खालच्या अंगाचे तुकडे तळं झाले, एकाच्या कोंबड्यांचं खुराडं तरंगत कुंपणाला लागलं. मार्चच्या मध्यावर एक दिवस, फक्त एक, कोरडा मिळाला. मी सकाळी आठलाच कड्डीची शेड उघडली.

शेगडीशेजारच्या फळीवर निळा डबा होता. मोठा, नाताळात टॉफी येते तसला. झाकणाभोवती चिकटपट्टी गुंडाळलेली. मला कौतुक वाटलं, ओल लागू नये म्हणून किती काळजी घेतलीय. उघडला. राख नेहमीपेक्षा फिकट होती, आणि चिमटीत घेतली तर खरखरीत. मी मनात म्हटलं, वा रे कड्डी, खाटकाकडची हाडंसुद्धा जाळून घातलीस. आमच्यात काही जण घालतात, हाडांनी मुळं चांगली धरतात. डबाभर राख मी त्या वाफ्यात पसरली, दाताळ्याने हलवली, चार ओळींत चौऱ्यांशी कांदे लावले. डबा बाहेरच्या पावसाच्या पिंपाच्या नळाखाली धरून विसळला आणि फळीवर पालथा घातला.

"बघ मेव्हिस," मी मोठ्याने म्हणाले, "सगळ्यांच्या माना बाहेर ठेवल्यात. आता तरी खूश?"

हे मी खरंच म्हणाले. कुणी ऐकलं नाही, पण मी म्हणाले.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कड्डी घरी आला. मी मटणाची पाई करून नेली, म्हणजे वर पिठाचं झाकण घालून भाजतात ती, त्याला आवडते. तो खुर्चीत पाय लांब करून बसला होता, पाय सुजून खांबासारखा. खाणं झालं, चहा झाला. बाहेर पाऊस चालूच.

"लॉरेनचं विमान अठरा मेला," तो म्हणाला. लॉरेन त्याची मुलगी, न्यूझीलंडला असते. जानेवारीत तिचं स्वतःचं पोटाचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरांनी विमानात बसू दिलं नव्हतं. आईच्या अंत्यविधीला ती नव्हती, आणि हे तिला फार लागलं होतं. "म्हणून मी काहीच केलं नाही अजून. तिच्या हातूनच व्हायला हवं. आपण सगळे सीहॅमला समुद्रावर जाऊ, धक्क्याच्या टोकाला. तूही यायचंस."

"येईन की."

"तोवर तू आहेस तिला सोबतीला."

"कुणाला?"

कड्डी जरा ओशाळला. कपाची कड पुसत बसला. "तुला सांगायचं राहूनच गेलं. तू हसशील असंही वाटलं. दहनगृहातल्या लोकांनी तिला कसल्यातरी तपकिरी प्लास्टिकच्या बरणीत दिलं होतं. रंगाचा डबा असतो ना, तसलं. मला बघवेना. मी तिच्या टॉफीच्या डब्यात काढून ठेवलं. मग म्हटलं, मी चाललो इस्पितळात, महिनाभर घर बंद. एकटी कशी ठेवायची? शेडमध्ये ठेवली. शेगडीजवळ. तू रोज येतेस तिथे. बडबड करतेस. तिला बरं वाटेल."

माझ्या हातात बशी होती. ती मी खाली ठेवली, फुटू नये म्हणून अगदी हळू.

"आणि," मी विचारलं, "राख? कांद्याची?"

"ती बादलीत. शेडच्या दारामागे, झाकणाखाली. का गं? सापडली नाही?"

"सापडली," मी म्हणाले.

हा एक शब्द. तो तोंडातून गेला आणि मग पुढचं सगळं त्याच्यामागून आलं. त्या क्षणी मी खरं सांगितलं असतं तर काय झालं असतं? तो ओरडला असता, रडला असता, कदाचित काठी फेकून मारली असती. पण तेव्हा मला समोर फक्त एक सुजलेला पाय दिसत होता आणि एक माणूस, जो महिनाभर इस्पितळात पडून समजत होता की बायको शेगडीजवळ कोरड्यात बसलीय.

त्या दिवसापासून तो रोज संध्याकाळी सहाला फोन करायचा.

"शेड गळत नाही ना?"

"नाही."

"नक्की? केवढा पाऊस पडतोय. तिला ओल बाधते."

"कोरडी ठणठणीत आहे, कड्डी."

शेडसुद्धा गळत होती, खरं म्हणजे. नेमकी शेगडीच्या वर. मी त्या थेंबाखाली तिचाच चहाचा कप ठेवला होता. पण शेडचं काय घेऊन बसलात. मेव्हिस बाहेर उघड्यावर होती, चार ओळींत, आणि मी फोन ठेवून खिडकीत उभी राहायचे आणि पाण्याच्या धारा बघायचे.

मग ती वर यायला लागली.

एका सकाळी मी गवत काढायला बसले तर कांद्यांच्या मध्ये मातीवर पांढरे कण दिसले. तांदळाच्या कण्या सांडल्यासारखे. जोराच्या पावसाने वरची माती धुऊन नेली होती आणि जड ते मागे राहिलं होतं. मी हातांनी माती ओढून ते झाकले. दुसऱ्या दिवशी पुन्हा वर. पुन्हा झाकले. तिसऱ्या दिवशी मी माझ्या तुकड्यातली चाळलेली माती दोन घमेली आणून घातली, चांगली दोन बोटं जाड. रात्रभर पाऊस कोसळला, आणि सकाळी ओळींमधून पांढरं दिसतच होतं.

"मेव्हिस, पुरे," मी म्हणाले. "मी खोल पुरते म्हणून तुला राग ना? कळलं मला. पुरे आता."

मी देवळात जाणारी बाई नाही, भुताखेतांची तर नाहीच नाही. पण त्या एप्रिलमध्ये मी पायवाटेवर पाऊल ठेवलं की पाठीमागे तिचा खोकला ऐकू यायचा. छोटा, कोरडा, घसा साफ करून काहीतरी बोलायच्या बेतात असल्यासारखा. वळून बघायचं, तर पिंपावर पाणी पडतंय. हे पाणीच असणार असं मी स्वतःला सांगायचे. तरी मी वळायचे. दर वेळी वळायचे, कारण मला ती तिथे हवी होती, आणि ती असती तर मला तोंड दाखवायला जागा नव्हती.

आणि कांदे! सगळ्या बागांत त्या वर्षी कांदे कुजले. माझे कुजले. नॉर्मन स्टोबर्टचे, जो कमिटीचा सेक्रेटरी आणि दर सप्टेंबरच्या प्रदर्शनात पहिला, त्याचे बुळबुळीत होऊन हातात आले. जे कुजले नाहीत ते बिनशंखाच्या गोगलगायींनी खाल्ले. मेव्हिसच्या वाफ्यात चौऱ्यांशीच्या चौऱ्यांशी उभे, पाती बोटभर जाड, हिरव्यागार. वाफा उंच होता, पाणी धरत नव्हता, एवढंच कारण. मला माहीत आहे. तरी त्या वाफ्याकडे मला सरळ बघवत नव्हतं.

कमिटी फिरली तेव्हा नॉर्मन अकरा नंबरवर थबकला. मागे आणखी तिघं, छत्र्या घेऊन.

"ऑड्री, बाई, काय घातलंस काय याच्यात?"

"माती."

"सांग की. मरताना बरोबर नेणारेस?"

"नॉर्मन, तुझं काम गवत बघायचं. गवत आहे?"

"नाही."

"मग पुढे हो."

पण तो खाली वाकला. पावसाने पुन्हा आपलं काम केलेलं. त्याने एक पांढरा कण उचलला, बोटावर घेऊन डोळ्यांजवळ नेला. "अच्छा. हाडांचा चुरा. जुनी पद्धत. मेव्हिसचंच डोकं असणार हे."

"हो," मी म्हणाले. "मेव्हिसचंच."

त्याने तो कण पँटला पुसला आणि पुढच्या तुकड्याकडे गेला. मी शेडमध्ये जाऊन दार लावून घेतलं आणि तिच्या खुर्चीत बसून, सांगायला लाज वाटते, हसले. हसता हसता कधी रडायला लागले ते कळलंच नाही. तीस वर्षांत तिने नॉर्मनच्या पँटला हात लावला नव्हता.

मी कड्डीला सांगायला तीनदा गेले. पहिल्या वेळी नर्स आली होती, त्याचा पाय वाकवून बघत होती, तो शिव्या घालत होता. दुसऱ्या वेळी त्याने मला मेव्हिसचा हिरवा स्वेटर दिला, तूच घाल म्हणाला, आणि मी तो घालून परत आले. तिसऱ्या वेळी मी दारातच म्हणाले, "कड्डी, मला तुला काहीतरी सांगायचंय."

"डबा फुटला?" त्याने एकदम विचारलं. चेहरा पांढराफटक.

"नाही नाही. फुटला नाही."

"मग काहीही असो," तो म्हणाला आणि खुर्चीत मागे टेकला. "मग मला कशाचं काही नाही."

या तिसऱ्या वेळेनंतर मी घरी गेले आणि माझ्या शेगडीतली राख काढली.

तुम्हाला वाटेल, घातली असेल कशीतरी. छे. मी दोन दिवस खपले. बारीक चाळणीतून तीनदा चाळली, कोळशाचा एक काळा ठिपका राहू दिला नाही. पण ती मऊ पडली, पिठासारखी. मेव्हिस तशी नव्हती, ते माझ्या बोटांना आठवत होतं. म्हणून तिच्यात थोडी पांढरी वाळू मिसळली, गाजराचं बी पेरताना बियाबरोबर टाकतो ती. बोटांत घेऊन बघितली. खरखर आली. वजनाला कमी वाटली म्हणून आणखी वाळू घातली. डबा भरला, चिकटपट्टी लावली, जशी होती तशी, तीन वेढे. मग वाफ्यातले काही पांढरे कण वेचून आत टाकावेत म्हणून गेले, निदान चिमूटभर मेव्हिस तरी समुद्राला पोचावी. चिखलात बोटं घातली आणि जमेना. कण कुठला, खडा कुठला, कळेना. मी चिखलाने माखलेले हात तसेच घेऊन घरी आले.

लॉरेन आली ती बारीक, उन्हाने रापलेली, आईचंच नाक. मला मिठी मारून म्हणाली, "ऑड्री मावशी, तू होतीस म्हणून. बाबा रोज सांगायचे फोनवर, ऑड्री शेडमध्ये बसते आईजवळ." मी तिच्या खांद्यावरून भिंतीकडे बघत राहिले.

धक्क्यावर वारा होता पण त्या दिवशी पाऊस नव्हता. कड्डी एका हातात काठी आणि दुसऱ्या हाताखाली मी शेडमधून आणून दिलेला डबा, कुणाला हात लावू देईना. टोकाला पोचलो. त्याने डबा कठड्यावर ठेवला, नखाने चिकटपट्टी काढली. लॉरेनने माझा हात धरला होता. तिचा हात गार होता आणि माझा घामाने ओला.

"आधी तुम्ही, बाबा."

कड्डीने डब्यात हात घातला. मूठ भरली, वर काढली, आणि थांबला. आम्हाला वाटलं त्याला भरून आलंय. त्याने मूठ थोडी सैल केली. अंगठा बोटांवरून फिरवला, एकदा, दोनदा, हळू. मग नाकाजवळ नेली. मग त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं.

माझ्या अंगावर मेव्हिसचा हिरवा स्वेटर होता.

"बाबा?" लॉरेन म्हणाली.

त्याने समुद्राकडे तोंड केलं आणि हात उडवला. राख वाऱ्यावर गेली, ढगासारखी पसरली, आणि वाळू तेवढी सरळ खाली पाण्यात पडली. लॉरेनने दोन्ही हातांनी टाकली. ती रडत होती, आईशी बोलत होती, मी येऊ शकले नाही गं, मला माफ कर गं, असं. राख उलटून आमच्या कोटांवर, केसांवर बसली.

"किती हलकी आहे," ती म्हणाली. "बाबा, आई किती हलकी झाली."

"हो," कड्डी म्हणाला.

लॉरेन सात दिवस राहिली. सात दिवस सहाचा फोन आला नाही. मी फोनजवळ बसायचे, सहा वाजून जायचे, मी उठायचे. तिला विमानतळावर सोडून तो दुसऱ्या दिवशी सकाळी बागेत आला. इस्पितळात गेल्यानंतर पहिल्यांदा. पाऊस पुन्हा लागला होता, बारीक, न थांबणारा. मी त्याला फाटकातून येताना बघितलं, काठी टेकत, चिखलातून, डोक्यावर टोपीसुद्धा नाही. मी उभी राहिले. पळून जायला कुठे जागा होती?

"गाजराची वाळू," तो म्हणाला.

"कड्डी..."

"साठ वर्षं माती चिवडतोय मी, ऑड्री. मला राख आणि गाजराची वाळू कळत नाही? कुठेय ती?"

मी वाफ्याकडे बोट दाखवलं. मग सगळं सांगितलं. तिथेच उभं राहून, पावसात, फळीवरच्या डब्यापासून. खाटकाच्या हाडांचंसुद्धा सांगितलं. नॉर्मनच्या पँटचं तेवढं गाळलं. बोलून झालं तेव्हा माझे दात वाजत होते.

"डबा बघून तू ती घातलीस," तो म्हणाला, "ते मी समजू शकतो. मीही घातली असती. मीच सांगितलं होतं राख शेडमध्ये आहे म्हणून. रागावलो असतो, महिनाभर तोंड बघितलं नसतं तुझं, आणि मग झालं असतं." त्याचा आवाज चढला नाही, तेच वाईट होतं. "पण तू माझ्या पोरीला सरपणाची राख कवटाळून रडायला लावलंस. तिने माफी कुणाकडे मागितली, ऑड्री? सांग. कुणाकडे मागितली?"

मी तोंडावरचं पाणी पुसलं.

"तिला कळता कामा नये. कधीच. आता मलाही तुझ्यासारखं खोटं बोलत राहायला लागणार, मरेपर्यंत. हे तू मला दिलंस."

मग तो गुडघ्यावर बसायला लागला. त्या पायावर, तीन महिन्यांपूर्वी कापलेल्या. मी पुढे झाले.

"हात लावू नकोस."

काठीला धरून, तोंड वेडंवाकडं करत, तो वाफ्याच्या कडेला चिखलात बसला. रात्रीच्या पावसाने पुष्कळ कण वर आले होते. त्याने खिशातून स्वच्छ घडीचा रुमाल काढला, मांडीवर पसरला आणि एकेक कण वेचायला लागला. ओल्या मातीतून चिमटीने उचलायचा, अंगठ्याने पुसायचा, रुमालात ठेवायचा. त्याला कळत होतं कुठला कण आणि कुठला खडा. एकदाही चुकला नाही.

"मी वेचू?" मी विचारलं. "निदान त्या बाजूचे..."

"नको."

मी उभी राहिले. छत्री आणून त्याच्यावर धरली तर म्हणाला, बाजूला घे. बाजूला घेतली. मग स्वतःवरही धरली नाही, तशीच भिजत राहिले. त्याचं पुटपुटणं ऐकू येत होतं. माझ्याशी नव्हतं. "आली, आली," असं काहीतरी तो म्हणत होता, "ये, वर ये." कांद्याच्या पातींवरून पाणी त्याच्या मनगटांवर उतरत होतं. मागे पिंपापाशी कुणीतरी खोकल्यासारखं झालं. कड्डीने मान वर करून तिकडे बघितलं. मीही बघितलं. आम्ही दोघांनी एकदमच बघितलं.

तासभर झाला असेल. पहिली ओळ संपली, दुसरी निम्मी. रुमालात मूठभरसुद्धा जमलं नव्हतं. त्याने रुमालाची गाठ मारली, कोटाच्या आतल्या खिशात घातली आणि उठायला गेला. उठता येईना. काठी चिखलात घसरली. पुन्हा टेकली, पुन्हा घसरली. त्याने आजूबाजूला बघितलं. बागांमध्ये त्या हवेत कुणी चिटपाखरू नव्हतं, एक मी सोडून.

मी हललेही नाही. शेवटी माझ्याकडे न बघता त्याने हात वर केला.

"उचल," तो म्हणाला.

मी त्याचा हात धरला. चिखलाने निसरडा झाला होता, म्हणून दोघांनी घट्ट धरला, आणि आमच्या तळहातांच्या मध्ये मला ती खरखर लागली. मी पाय रोवले आणि त्याला ओढून उभं केलं.